कैरोच्या गाडीवरचं ‘फूल’

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. स्वारगेटच्या चौकात रस्ता ओलांडायचा असला तरी मी सलीमच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, शर्टाची बाही धरून चालते. त्यामुळे एका रविवारी नाश्त्याच्या टेबलावर त्याने ‘या डिसेंबरात इजिप्त!’ असं जाहीर केलं, तेव्हा मी तिथल्या तिथे ‘नको’ म्हटलं. पण घरात माझं मत एक आणि समोर दोन. दुसरं मत आदिलचं. आमचा लेक, वय वर्षं नऊ. गेलं वर्षभर त्याच्या सगळ्या वह्यांच्या मागच्या पानांवर कोल्ह्याच्या, ससाण्याच्या आणि मगरीच्या तोंडाचे देव बसलेले होते. गणिताच्या बाईंनी एकदा खाली शेरा मारला होता, ‘देव छान. भागाकार चुकला.’

विमान, वाळवंट, अनोळखी देश ही भीती वरवरची. खरी भीती वेगळी होती. आदिलच्या रक्तात जन्मापासून एक घटक कमी आहे. एरवी पोरगा धडधाकट, पण काही ठरावीक औषधं पोटात गेली की त्याच्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. हे आम्हाला कळलं तो चार वर्षांचा असताना. हिवतापाची गोळी दिली आणि दुसऱ्या दिवशी त्याला लघवी झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. तो रंग मी आजही विसरलेले नाही. त्या वेळी सदाशिव पेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी कार्डावर यादी करून दिली: या गोळ्या नाहीत, कपाटात डांबरगोळ्या नाहीत, आणि सगळ्यात शेवटी, बाकला नाही. इंग्रजीत फावा बीन्स. मी दुसऱ्याच दिवशी मंडईत विचारत फिरले. भाजीवाली म्हणाली, “बाकला? ताई, पावटा आहे, घेवडा आहे, वाल आहे. बाकला मी जन्मात पाहिला नाही.” मला केवढं हायसं वाटलं! पाच वर्षं तो शब्द नुसता कार्डावर राहिला.

निघण्याआधी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “अहो ताई, तिकडे बाकला भरपूर खातात म्हणे. आधी ताटात बघा, मग पिरॅमिडकडे. आणि कुणाकडून तरी अरबीत चिठ्ठी लिहून घ्या.”

“त्याची गरज नाही, मला अरबी वाचता येतं,” मी म्हटलं.

हे खोटं नव्हतं. लहानपणी मोहल्ल्यातल्या खालांकडे, म्हणजे मावशींकडे, रोज दुपारी आम्ही मुली कुराण वाचायला बसायचो. अक्षर न् अक्षर ओळखता येतं, वाचता येतं, अर्थ मात्र मराठी भाषांतरात बघावा लागतो. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे उर्दू बोलण्यापुरतं, लिहिण्याच्या नावाने बोंब. पण ‘मला वाचता येतं’ म्हणताना माझी मान जरा ताठ झाली होती, हे आता कबूल करते.

वारज्याहून रिक्षा, स्वारगेटहून बस, मुंबईहून विमान, मध्ये आखातात तीन तासांचा थांबा. व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळाला, त्यात काही डोकेदुखी नाही. कैरोच्या विमानतळातून बाहेर पडताच टॅक्सीवाल्यांनी घेरलं. आधी भाव ठरवा, मगच बॅग गाडीत ठेवू द्या. सुट्ट्या नोटा खिशात हव्यातच, कारण तिथे दार उघडणारा, फोटो काढून देणारा, स्वच्छतागृहात कागद देणारा, सगळे बक्षिशी मागतात. वाहतूक बघून मात्र मला घरच्यासारखं वाटलं. फरक एवढाच, की तिथे माणसं धावत्या गाड्यांच्या मधून अगदी निवांत चालत जातात. मी सलीमच्या दोन्ही बाह्या धरल्या.

दुसऱ्या दिवशी गिझाचे पिरॅमिड पाहिले. सकाळी दार उघडायच्या वेळेला पोहोचा, टोपी आणि पाणी घ्या, उंटवाल्याशी नजर मिळवू नका. मोठ्या पिरॅमिडच्या आत शिरायचं वेगळं तिकीट आहे. वाकून चढत जावं लागतं, हवा कोंडलेली, पुढे माणसं, मागे माणसं. मी निम्म्यातून परत फिरले. बापलेक वर जाऊन रिकामी दगडी पेटी बघून आले आणि दिवसभर मला ऐकवत राहिले. दुपारी कोशरी खाल्ली. भात, मॅकरोनी, मसूर, छोले, वर टोमॅटोचा आंबट रस्सा आणि भरपूर तळलेला कांदा. ताट पुढे आल्यावर मी चमच्याने एकेक दाणा बाजूला करून पाहिला. वेटर काळजीने विचारायला आला, “माशी आहे का?” सलीमने कपाळावर हात मारला. सोबत करकदे, म्हणजे अंबाडीच्या जातीच्या लाल बोंडांचं सरबत. रंग रक्तासारखा, चव आंबटगोड. आदिल त्याच्यावर असा खूश, की सकाळ-संध्याकाळ एकेक ग्लास ठरूनच गेला. हॉटेलच्या नाश्त्याला एका मोठ्या भांड्यात तपकिरी दाण्यांची उसळ असे, वर इंग्रजीत ‘बीन्स’ अशी पाटी. त्या टेबलाकडे मी आदिलला फिरकूही दिलं नाही.

एव्हाना मी घरातली दुभाषी झाले होते. दुकानांच्या पाट्या, रस्त्यांची नावं मोठ्याने वाचायची. ‘मत्अम’ वाचलं आणि खाण्याची जागा म्हणून ओळखलं, कारण तआम म्हणजे अन्न, हे कुराणातून माहीत. सलीम म्हणाला, “बाईसाहेब, तुम्ही आहात म्हणून आमचं निभतंय.” मी फुगले.

तिसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय. त्यात वेळ कसा गेला कळलंच नाही. आदिल मला हाताला धरून देव दाखवत होता. हा कोल्ह्याचा अनुबिस, मेलेल्यांना घेऊन जातो. हा बगळ्यासारख्या लांब चोचीचा थोथ, सगळं लिहून ठेवतो. हे वर गोल कडी असलेलं चिन्ह म्हणजे अंख, त्याचा अर्थ जीव. माणसाच्या धडावर जनावराचं डोकं बघून शेजारचे काही पर्यटक खिदळत होते. मी पुण्याची. गजमुखाची मिरवणूक दर वर्षी खिडकीतून बघत मोठी झालेली, मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. भीती मात्र वाटली. ते काळे काचेचे डोळे आपल्याकडेच बघतात.

संध्याकाळचं लक्सरचं विमान होतं. सलीम हॉटेलातून सामान आणायला गेला आणि आम्ही दोघं मागच्या गल्लीत काही खायला निघालो. एका हातगाडीवर कढई चढलेली. गोल चपटी भजी तळून, गरम पोळीसारख्या पावात घालून देत होते. वर निळ्या रंगात पाटी. मी वाचलं: ‘फूल व तअमिया’.

वाचकहो, आता तुम्हीच सांगा, मराठी माणसाला यात न कळण्यासारखं काय आहे? फूल म्हणजे फूल. ‘व’ अरबीतही ‘आणि’च. तअमिया म्हणजे तआमपैकी काहीतरी, खाद्यपदार्थ. शेजारच्या परातीत तळलेल्या फ्लॉवरचे तुरे रचलेले होतेच. मी आदिलला म्हटलं, “फ्लॉवरची भजी दिसतात.” त्याने एक भजं मोडलं, आत हिरवंगार, तीळ आणि कोथिंबीर. “अम्मी, हे फलाफल आहे!” फलाफल तो पुण्याच्या कॅम्पात नेहमी खातो, ते हरभऱ्याचं असतं. फ्लॉवर असो की हरभरा, दोन्ही चालतात. दाणा तर कुठे दिसत नव्हता. तरी गाडीवाल्याला मी पाटीकडे बोट दाखवून विचारलं, “फूल?” तो आनंदाने म्हणाला, “फूल! फूल!” पुण्यात दोन वडापाव येतात तेवढ्या पैशांत पोट भरलं. आदिलने तीन भजी खाल्ली.

चौथ्या दिवशी सकाळी लक्सरमधलं कर्नाकचं देऊळ. देऊळ कसलं, दगडी जंगल! खांब असे की एकेकाला कवेत घ्यायला दहा माणसं लागतील. सलीम कॅमेरा घेऊन त्यातच हरवला. आमचा गाइड हानी, चाळिशीचा, बोलघेवडा, आदिलला भिंतींवरची चित्रं दाखवत होता. हा होरसचा डोळा. काकाने फोडला, थोथने पुन्हा अख्खा केला. म्हणून जो धडधाकट, अख्खा, त्याचं हे चिन्ह. पुढे नैवेद्याची ताटं कोरलेली: भाकऱ्या, कांद्याच्या जुड्या, बदकं, अंजिरं.

“आम्ही अजून हेच खातो,” हानी म्हणाला. “आणि रोज सकाळी फूल.”

“फूल? आम्ही पण खाल्लं,” आदिल म्हणाला. “अम्मीने पाटी वाचली.”

“अरे वा! मॅडमना वाचता येतं?” हानीला कोण कौतुक. “मग फूल आवडलं की तअमिया? तसं दोन्ही एकच. बाकीचे अरब ते हरभऱ्याचं करतात. आम्ही इजिप्तवाले फूलचंच करतो, भिजवून, वाटून.”

मी विचारलं, “फूल म्हणजे फ्लॉवर ना?”

“नाही, नाही. फ्लॉवरला आम्ही वर्द म्हणतो. फूल म्हणजे बीन्स. फावा बीन्स.”

आमच्या उर्दूतलं फूल वेगळ्या अक्षरांनी लिहितात, हे मला नंतर कळलं. उर्दू शिकले असते तर पाटी बघताच शंका आली असती. अरबीही नाही आणि उर्दूही नाही, अशी मी मधल्यामधे लटकलेली.

हानी पुढे चालत होता, आम्ही मागे. एका लहानशा देवळाच्या बंद खोलीचं दार राखणदाराने उघडलं. आत मिट्ट काळोख, छताच्या भोकातून एक तिरीप, आणि त्या तिरिपीत काळ्या दगडाची सिंहिणीच्या तोंडाची बाई उभी. माझ्याएवढीच उंच. “सेख्मेत,” आदिल कुजबुजला. हानीने सांगितलं, ही रोगराई पाठवते आणि बरंही हीच करते, पूर्वी हिचे पुजारीच वैद्य असत. मी आदिलचा हात असा दाबला की तो ‘आई गं’ म्हणाला. मी मागायचं ते एकाकडेच मागते. तिथे उभी राहून मनातल्या मनात कुराणातली आयतुल कुर्सी म्हटली, दोनदा अडखळले, पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

बाहेर येताच आडोशाला जाऊन डॉक्टरांना फोन लावला.

“किती खाल्लं?”

“तीन. काल दुपारी.”

“पाणी पाजत राहा. डोळे बघा, ओठ बघा, लघवी बघा. उद्यापर्यंत कळेल. रंग बदलला तर मला फोन करून बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि ताई, रडणं आवरा, पोराला कळतं.”

सलीमला मी सांगितलं नाही. का नाही? मी स्वतःला समजावलं, की काही झालं नाही तर उगाच कशाला. खरं कारण एवढंच, की मला लाज वाटली. त्या दिवशी नाइलमधली शिडाची होडी मी डोकं दुखतंय म्हणून रद्द केली. दर अर्ध्या तासाला आदिलची खालची पापणी ओढून बघत होते. तो वैतागला, “अम्मी, काय शोधतेस?” मी म्हटलं, “धूळ गेली असेल.” लघवीला गेला की दारात उभी. हॉटेलच्या खिडकीतून नदी, खजुराची झाडं, पलीकडे गुलाबी डोंगर. तुम्ही जाल तेव्हा जरूर बघा, सुंदर आहे म्हणतात. मला त्यातलं फारसं आठवत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी, हानीलाच सोबत घेऊन, नाइलचा पश्चिम किनारा. नदी फेरीबोटीने ओलांडायची, पुढे टॅक्सी दिवसभरासाठी ठरवायची. राजांच्या थडग्यांपेक्षा आदिलला कारागिरांच्या वस्तीतलं लहान देऊळ बघायचं होतं. तिथल्या भिंतीवर तराजू कोरलेला आहे. एका पारड्यात मेलेल्याचं काळीज, दुसऱ्यात सत्याच्या देवीचं पीस. काळीज जड निघालं तर खायला मगरीच्या तोंडाची अम्मित टपून बसलेली. “खोटं बोललेलं असलं की जड होतं,” आदिलने समजावलं आणि तिथेच पायरीवर बसला. “अम्मी, दमलोय मी.” उन्हात त्याचे ओठ मला पांढरट दिसले. पापणी ओढली. आतून फिकट, डोळ्याच्या कोपऱ्यात पिवळी झाक.

गाडीतळाजवळच्या स्वच्छतागृहात मी त्याच्यासोबतच शिरले. तोच रंग. कोरा चहा. आणि तरी, विश्वास ठेवा, माझ्या मनात पहिला विचार आला तो करकदेचा. लाल सरबत दोन ग्लास प्यायलाय, त्याचंच असेल. तीस-चाळीस सेकंद मी त्या विचाराला घट्ट धरून होते. मग बाहेर येऊन ओरडले, “सलीम! हॉस्पिटल!”

फेरीची वाट न बघता हानीने टॅक्सी लांबच्या पुलावरून घ्यायला लावली. आदिल माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता, त्याच्या छातीची धडधड माझ्या तळहाताला लागत होती. या अल्ला, याला काही होऊ देऊ नकोस, माझी चूक आहे, एवढंच माझं चाललं होतं.

हॉस्पिटलात डोक्याला रुमाल बांधलेल्या डॉक्टरीणबाईंनी डोळे पाहिले आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, “फूल?” मी मान हलवली. त्या नर्सला म्हणाल्या, “अनीमिया अल-फूल.” तिथे या गोष्टीला घरगुती नाव आहे! शाळेतल्या बायका, दुकानदार, सगळ्यांना माहीत. आपल्याकडे ज्या कार्डाचा अर्थ सांगता सांगता माझं तोंड दुखतं, ते तिथे दोन शब्दांत उरकतं. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी हे दोन शब्द अरबीत लिहून मुलाच्या खिशात ठेवा, ही या अख्ख्या लेखातली एकमेव कामाची सूचना.

हिमोग्लोबिन सातच्या खाली आलं होतं. सलाइन लावलं, रक्ताची एक पिशवी चढवली. बदल्यात सलीमने आणि हानीने रक्त दिलं. हानीचं ऋण कसं फेडायचं मला कळत नाही.

पिशवीतून थेंब पडत असताना सलीमने विचारलं, “याला दिलं कुणी ते?”

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण आदिल उशीवरूनच म्हणाला, “मी घेतलं, अब्बा. अम्मी पाणी आणायला गेली होती. मला वाटलं फलाफल.”

सलीमने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीकडे पाहत राहिले.

तीन दिवसांनी लघवी स्वच्छ झाली, आठवड्याने आम्ही वारज्याच्या घरी. सदाशिव पेठेत रक्त तपासलं, आकडा चढत होता. डॉक्टर म्हणाले, “पोरगा नशीबवान. तुम्ही पिरॅमिड बघितले का शेवटी?” सलीमसमोर मात्र त्यांनी आमच्या फोनचा विषय काढला नाही.

हे इथे संपलं असतं. पण महिन्याभराने शाळेतून दोन दिवसांच्या सहलीचा फॉर्म आला. वर्गातली सगळी पोरं जाणार. सलीमने फॉर्म वाचला आणि घडी घालून ठेवला. “गाडी दिसली की हा काहीही तोंडात घालतो. याच्यावर माझा भरवसा नाही.” आदिल मुकाट्याने खोलीत गेला. आणि मला, खरं सांगते, मला बरं वाटलं. दोन दिवस तो माझ्या नजरेआड जाणार नव्हता. चार दिवस मी त्याच सुखात काढले. पाचव्या दिवशी तो मित्राला फोनवर सांगत होता, “नाही रे, मलाच कंटाळा येतो सहलीचा.”

त्या संध्याकाळी सलीमला सगळं सांगितलं. पाटी, फूल, फोन, गप्प बसणं, सगळं. मला वाटलं ओरडेल, ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, आदिलच्या खोलीत गेला, त्याला जवळ घेतलं आणि परत येऊन फॉर्म माझ्यापुढे ठेवला. “सही तू कर,” एवढंच म्हणाला.

मी पेन घेतलं. आदिल दारात येऊन उभा राहिला, तोंड पडलेलं.

“कशाला सांगितलंस, अम्मी? मी दोन दिवस गेलो की तू इथे घाबरत बसशील.”

तेव्हा मला कळलं, की त्याने ते खोटं मला ओरडा बसू नये म्हणून सुरू केलं असेल, पण पुढे कशासाठी चालू ठेवलं होतं. माझी भीती नऊ वर्षांच्या पोराने उचलून घेतली होती.

“घाबरेन,” मी म्हटलं आणि सही केली. “तू जा.”